डाव्या बाजूचा वाल

रामकिसन मिस्त्री, तुमच्या तेरवीला मी आलो होतो. वडीगोद्रीच्या त्या मांडवात तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून बसलो होतो. तुमच्याबद्दल चार जण बोलले. तुम्ही देवमाणूस होता असं चौघांनीही सांगितलं आणि मी चारही वेळा मान हलवली. तुम्ही देवमाणूस वगैरे काही नव्हता. हेकट होता, तिरकस होता, आणि एक शब्द न बोलता समोरच्याला उघडं पाडायची कला तुमच्याकडं होती. पण माइक हातात आला की आपल्याकडं माणसाचा देवच होतो, त्याशिवाय पंगत वाढत नाहीत.

शेवटी भगवान उठला. तुमच्या दुकानासमोर काळीपिवळी जीप लावतो तो. तो म्हणाला, "मिस्त्री सोता सांगायचे, फार्मवर असताना त्या भवऱ्याचा वाल मीच उघडा ठिवला, आन् पंधरा दिवस पंपाला शिव्या देत बसलो. एवढा मोठा कारागीर, पर सोताची चूक हासत-हासत सांगायचा. आसा माणूस आता व्हनार न्हाई." मांडवातले लोक हसले. काहींनी डोळे पुसले. मीही हसलो. हे मी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मला सवलत मिळायला नको.

ती गोष्ट खोटी आहे. तुम्ही ती दहा वर्षं खोटी सांगितलीत, आणि मी जालन्यात, तुमच्या दुकानापासून तास-सव्वा तासाच्या अंतरावर बसून ती खोटी राहू दिली. तुम्हाला यातलं सगळंच माहीत आहे. पण हे इतर लोकही वाचतील, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

अंबड रोडवरच्या त्या बियाण्यांच्या फार्मवर तुम्ही एक्क्याऐंशीपासून होता. मी डिप्लोमा करून आलो तेव्हा तुमची सोळा-सतरा वर्षं झाली होती. माझ्या टेबलावर 'यंत्र विभाग प्रमुख' अशी पाटी लागली. विभागात तुम्ही, मी आणि एक वेल्डिंग मशीन एवढेच होतो, त्यामुळं मी नक्की कुणाचा प्रमुख हे समजायला कुणाला त्रास झाला नाही. तुम्ही पहिल्या दिवशी ती पाटी पुसून दिलीत, नीट सरळ ठेवलीत आणि म्हणालात, "छान दिसून राह्यली साहेब." तेव्हापासून मी तुमच्यावर चिडून होतो.

मग मालक अमेरिकेतलं शेतीचं प्रदर्शन बघून आले आणि येताना अक्कल न आणता गवत कापायची गाडी घेऊन आले. गेस्ट हाऊससमोर दोन एकर हिरवळ केली होती. ज्या तालुक्यात चैत्र लागला की टँकरसाठी घागरींची रांग लागते, तिथं दोन एकर गवत. तेही ढोरांनी खायचं नाही, पाहुण्यांनी नुसतं बघायचं. तुम्ही लाकडी खोक्यातून ती गाडी बाहेर काढलीत, तिच्याभोवती एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "आमच्याकडं गवत वाढवत्यात ढोरांसाठी. हितं वाढवत्यात कापून फेकायसाठी. चला, पोट भरलेल्या माणसांचं कायबी आसतं."

कापलेलं गवत तुम्ही पोत्यात भरून संध्याकाळच्या जीपनं म्हशीला घेऊन जायचात. मी त्याला हरकत घेतली होती. कंपनीची मालमत्ता आहे, परवानगी लागते, असं मी एका उकिरड्यावर जाणाऱ्या गवताबद्दल बोललो होतो. तुम्ही पोतं खाली ठेवून मला विचारलंत, "मंग हे कोन खानार साहेब, तुमी?" तो वाद तिथंच राहिला. पोतं मात्र रोज जात राहिलं.

त्या गाडीला स्टिअरिंग नव्हतं. बसणाऱ्याच्या दोन्ही हातांशी दोन दांड्या. मागच्या प्रत्येक चाकाला आपापला तेलाचा पंप आणि आपापली मोटर. डावी दांडी डाव्या चाकाची, उजवी उजव्याची. दोन्ही पुढं ढकलल्या की गाडी पुढं जायची. एक पुढं आणि एक मागं केली की जागच्या जागी गरकन फिरायची. म्हणून फार्मवरच्या बायकांनी तिचं नाव भवरा ठेवलं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांसमोर भवरा चालवायला बसलो आणि थेट मेंदीच्या कुंपणात घुसलो. तुम्ही हसला नाहीत. मागून आलात, माझे हात दांड्यांवर सैल करून ठेवलेत. "कासऱ्यावानी धरा. वढू नका. नुस्तं सांगा तिला." पाच मिनिटांत मला जमलं. त्या पाच मिनिटांसाठी मी तुमचा आभारी आहे. हे त्या वेळी म्हणायला काय हरकत होती ते मला आज सांगता येत नाही.

गाडीबरोबर इंग्रजीतलं पुस्तक आलं होतं. ते मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी कुलूप लावलं. तेल बदलायची वेळ आली तेव्हा तुम्ही जुनं तेल दोन बोटांत घासून बघितलंत, वास घेतलात. म्हणालात, "हे इंजनचंच तेल हाय, जाड्या नंबरचं." आणि त्याच जाडीचं इंजिन ऑइल भरलंत. मी म्हणालो, तेलावर चालणारा पंप आहे, त्याला हायड्रॉलिकचं तेल लागतं, एवढीही अक्कल नाही का. तुम्ही टोपण घट्ट करत म्हणालात, "जे व्हतं तेच वतलं. न पटंल तर पुस्तकात बगा की." मी पुस्तकात बघितलं नाही. मिस्त्रीनं सांगितलं म्हणून पुस्तक उघडायचं, मग डिप्लोमा कशासाठी केला होता?

त्यानंतरची खंडेनवमी. त्या दिवशी सगळी हत्यारं, ट्रॅक्टर, पंप, काटे धुऊन पुसून पूजेला ठेवायचे, आणि दसऱ्यापर्यंत कशालाही कामाला लावायचं नाही. तुम्ही यात लई कडक होता. बाकीच्या ठिकाणी लोक ट्रॅक्टर चालू करून पूजेच्या जागी आणून उभे करतात आणि मग हार घालतात. तुम्हाला ते चालायचं नाही. "वर्षाला येक दीस तिचा. त्या दिवशीबी किल्ली फिरवायची?" म्हणून सगळं हातानं ढकलत आणायचं. ट्रॅक्टर ढकलला, तो आला. भवरा जागचा हलेना, कारण पंपात तेल अडलं की चाकं फिरत नाहीत. ही माझ्या ड्रॉवरमधल्या पुस्तकातली गोष्ट होती. प्रत्येक पंपाच्या अंगाला एक स्क्रू असतो, त्यालाच तुम्ही वाल म्हणायचात. तो सैल केला की तेल आतल्या आत फिरतं आणि चाक मोकळं होतं. परत घट्ट केला की चाकाला जोर मिळतो.

पाना मी मागून घेतला. सगळ्यांसमोर गाडीखाली वाकून उजवा वाल एक आटा सैल केला. डावा कडक होता, अर्धाच आटा फिरला. तेवढ्यावर सगळ्यांनी मिळून रेटली, आली. तुमच्या पत्नी, आमच्या वहिनीही त्या दिवशी फार्मवर आल्या होत्या. त्यांनी ओल्या कुंकवाचं बोट प्रत्येक यंत्राला लावलं. भवऱ्याच्या इंजिनाला, दोन्ही दांड्यांना, आणि खाली वाकून दोन्ही पंपांच्या त्या वालांनाही, कारण मी नुकताच त्यांना हात लावल्यामुळं ते काहीतरी महत्त्वाचं असावं असं त्यांना वाटलं. तुम्ही नारळ फोडला. मालकांनी दोन शब्दांच्या नावाखाली अर्धा तास घेतला. मग गाडी ढकलत शेडमध्ये नेली, मी पाना घेऊन वाकलो, उजवा वाल घट्ट केला, आणि बाहेरून मला मालकांनी हाक मारली.

मी प्रसाद खाऊन परत आलो तेव्हा तुम्ही शेडच्या दारात उभे होता. सात-आठ माणसं होती. तुम्ही विचारलंत, "साहेब, दोनी वाल बंद केले का बराबर?"

मी म्हणालो, "केले. मी काय येडा आहे का? तुमचं काम तुम्ही बघा, मिस्त्री."

तुम्ही "बरं" म्हणालात. हे 'बरं' मला पुढं फार महागात पडलं.

दसऱ्यानंतर भवरा बिघडला. गार असताना कसाबसा चालायचा, डावीकडं ओढायचा. अर्धा तास झाला, तेल तापून पातळ झालं की डावं चाक जीव सोडायचं. चढावर तर उभाच राहायचा. तुम्ही एकेक गोष्ट तपासलीत. दोन्ही टायरमधली हवा मोजलीत. पट्टा सैल आहे का बघितलंत. दांड्यांच्या सळया सुतळीनं मापल्यात. पंपावरच्या पंख्यात अडकलेली झेंडूची पाकळी काढलीत. पंपावर तळहात ठेवून मनातल्या मनात आकडे मोजलेत, कितव्या आकड्याला चटका बसतो ते बघायला. हे सगळं मी मागं हात बांधून बघत होतो. मग तुमचा पान्याचा हात डाव्या वालाजवळ गेला आणि थांबला. तुम्ही तिथं वाकून दोन-तीन क्षण बघितलंत. पाना मागं घेतलात, फडक्यानं पुसलात आणि उठलात.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय कळतं साहेब. पुस्तक तुमच्याकडं हाय."

मिस्त्री, या ठिकाणी तुमचं माझं भांडण आहे आणि ते तुमच्या मरणानं मिटलेलं नाही. तुम्ही त्या क्षणी काय बघितलंत हे मला नंतर कळलं. अर्धा आटा फिरवायचा होता. 'साहेब, जरा इकडं बघा' एवढे चार शब्द बोलायचे होते. नाही बोललात. साहेबानं बंद केला म्हणून सांगितलं, म्हणजे बंद आहे, आता साहेबाच्या शब्दावर पाना कसा लावायचा? ही तुमची अदब. जगातली सगळ्यात विखारी अदब. मी तुमचा अपमान तोंडानं केला, मूर्खासारखा, आठ माणसांसमोर. तुम्ही माझा पंधरा दिवस केलात, रोज 'साहेब' म्हणून. मी स्वतःहून वाकून बघेन याची वाट बघत तुम्ही एक चांगली गाडी फरफटू दिलीत. याला देवमाणूस म्हणतात?

मी वाकून बघितलं नाही. कसा बघणार? माझं निदान तयार होतं, डावा पंप गेला.

दिवाळीच्या तोंडावर बाहेरदेशचे पाहुणे आले. त्यांना दाखवायला मालक स्वतः भवऱ्यावर बसले आणि गेस्ट हाऊससमोरच्या चढावर, पाहुण्यांच्या कॅमेऱ्यासमोर, गाडी डावीकडं वळत वळत कारंज्याच्या हौदाला जाऊन टेकली. संध्याकाळी मला बोलावणं आलं. मी एक पानभर लिहून दिलं. मिस्त्रींनी, सूचना देऊनही, पंपात चुकीचं तेल भरल्यामुळं डावा पंप निकामी झाला असून नवीन मागवावा लागेल. 'सूचना देऊनही' या दोन शब्दांचा तेव्हा मला अभिमान वाटला होता. मालकांनी कागद वाचला, तुम्हाला बोलावलं आणि सतरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मालकांबद्दल काय बोलायचं? त्यांनी एकदाही खाली वाकून गाडी बघितली नाही. पण तो माणूस अडाणी होता. मी शिकलेला होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सामान घ्यायला आलात. तुमचे पाने, तुमची हातोडी, चहाचा पेला एका पिशवीत भरलात. मग शेडमधून भवऱ्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं. तुम्ही हिरवळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं निघाला होता. दोन एकरांची ती लांबी तुम्ही सरळ गेलात, चढ चढलात, गरकन फिरवलात आणि त्याच पट्ट्याला चिकटून दुसरा पट्टा ओढत परत आलात. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर गवत सुटलं नव्हतं. गाडी उभी केलीत, माझ्या टेबलाशी आलात.

"भवरा सरळ चालून राह्यला साहेब. पंप नका मागवू. फुकट खर्चा व्हईल."

मी म्हणालो, "पंपाची ऑर्डर गेली."

"बरं," म्हणालात. जाताना पाटी थोडी वाकडी झाली होती ती सरळ केलीत.

तुम्ही जीपमध्ये बसलात तसा मी शेडमध्ये जाऊन गाडीखाली वाकलो. उजव्या वालावरचं कुंकू पान्यानं घासून गेलेलं होतं, जुनं, धूळ बसलेलं. ते मी खंडेनवमीला घासलं होतं. डाव्या वालावरचं कुंकू मात्र नुकतंच घासलेलं होतं. खाली ताजी लाल भुकटी पडली होती. म्हणजे पंधरा दिवस डाव्या वालावर वहिनींच्या बोटाचा ठसा अख्खा होता. त्याला पाना लागलाच नव्हता. तुम्ही पहिल्याच दिवशी वाकून तेच बघितलं होतं. मी रुमालानं ती भुकटी पुसली, रुमाल खिशात ठेवला आणि जेवायला गेलो.

मग मी ड्रॉवर उघडून पुस्तक वाचलं. शेवटून चौथ्या पानावर तेलाचा तक्ता होता. इंजिन ऑइल, जाड्या नंबरचं.

आता माझ्या नीचपणाचा कळस ऐका. चार महिन्यांनी नवीन पंप आला. भवरा उत्तम चालत होता. तरी मी तो खोलला आणि चांगला, ठणठणीत पंप काढून त्याच्या जागी नवीन बसवला. कागदावर लिहिलं होतं ना, निकामी म्हणून. माझा कागद खरा व्हावा यासाठी मी चालू गाडी मोडली. आणि मोडलीच. नवीन पंप बसवल्यावर आत हवा राहिली. गाडी किंचाळायला लागली, डावं चाक झटके देत चाललं तर चाललं, नाहीतर नाही. मी तीन दिवस झटलो. तेल कमी केलं, जास्त केलं, पट्टा बदलला. पुस्तकात हवा काढायची कृती होती, ती मी केली, पण घाईत, इंजिन जोरात ठेवून. आणखी फेस झाला. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "रामकिसनला बोलवा."

तुम्ही वडीगोद्रीहून आलात. तोवर तुमचं हायवेवर दुकान झालं होतं. आल्या-आल्या तुम्ही डोळे मिटून आवाज ऐकलात. "पंप रडून राह्यला. पोटात वारा हाय त्याच्या." मागची चाकं लाकडाच्या ठोकळ्यांवर उचललीत. टाकीत तेल रेषेपर्यंत भरलंत. दोन्ही वाल सैल केलेत. इंजिन अगदी हळू ठेवलंत आणि दोन्ही दांड्या सावकाश पुढं, सावकाश मागं, पुढं, मागं, पाच-सहा वेळा. तेल खाली गेलं, परत भरलंत. मग वाल बंद करून पुन्हा तेच. "जल्दी न्हाई करायची. वारा आपल्या पायानं भाईर येतो, त्याला दार दाखवायचं." रडणं थांबलं. चाकं एकसारखी फिरायला लागली. मालक टाळी वाजवल्यासारखं काहीतरी करून बाजूला उभे राहिले.

तुम्ही नव्या पंपाकडं बघितलंत. "जुना कुठंय?"

"भंगारात टाकला," मी म्हणालो.

"तेल कंचं टाकलं?"

"इंजिन ऑइल. पुस्तकात तेच लिहिलं आहे."

"व्हय का," तुम्ही म्हणालात. एवढंच.

मालकांनी तुम्हाला परत कामावर या म्हणून सांगितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मालक तिथंच उभे होते, इंजिन बंद होतं, शेडमध्ये चांगली शांतता होती. मला बोलायला जेवढी जागा हवी होती तेवढी तुम्ही ठेवलीत. मी नळाकडं गेलो आणि हात धुवायला लागलो. तेल निघता निघत नाही, हे कारण चांगलं असतं. मागं तुमचा आवाज ऐकू आला, "आता दुकान टाकलं मालक. गावातली मानसं येतेत, सोडून कुठं येऊ." दुकान काय होतं? एक पत्र्याची टपरी, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या. फार्मवर वहिनींच्या औषधपाण्याची सोय होती. ती गेली.

दोन वर्षांनी मीही फार्म सोडला. आता जालन्यात एका खासगी संस्थेत ट्रॅक्टर दुरुस्ती शिकवतो. दरवर्षी नव्या मुलांना पंपातली हवा काढायची रीत दाखवतो. जल्दी करायची नाही, वारा आपल्या पायानं बाहेर येतो, त्याला दार दाखवायचं. मुलं वहीत उतरवून घेतात. सर किती सोपं करून सांगतात, म्हणतात. तुमचं नाव मी एकदाही घेतलेलं नाही.

जुना पंप भंगारात टाकला नव्हता. पोत्यात गुंडाळून माझ्या पलंगाखाली होता. दोन घरं बदलली, तो दोन्ही वेळा बरोबर आला. बायकोनं विचारलं तर नमुना आहे म्हणून सांगितलं. नमुनाच होता.

तर तेरवीत भगवाननं तुमची ती खोटी गोष्ट सांगितली. ती तुम्ही का पसरवलीत, याचा मी बसमध्ये सगळ्या रस्त्यानं विचार केला. मोठेपणा म्हणून? मला वाचवायला? की मी कधीतरी ऐकेन आणि मला अंगावर पाल पडल्यासारखं होईल म्हणून? तुम्हाला ओळखत असल्यामुळं मला वाटतं, तिन्हीसाठी. पण खात्री करायला आता तुम्ही नाहीत, आणि तुम्ही असताना मी टपरीवरून जाणाऱ्या बसच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसायचो.

मागच्या रविवारी पोतं घेऊन परत वडीगोद्रीला आलो. तुमच्या टपरीशेजारच्या चहाच्या दुकानात भगवान आणि आणखी तिघं होते. मी पोतं बाकावर ठेवलं आणि सांगितलं. वाल मिस्त्रींनी नाही, मी उघडा ठेवला होता. तेलाचा कागद मी लिहिला होता. हा तो पंप, हा चांगला आहे, हा मी उगाच काढला. सगळं सांगितलं, घसा कोरडा पडेपर्यंत.

मग भगवाननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, मिस्त्रीवर लई जीव हाय तुमचा. मेलेल्या मानसाची चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यले तुमी. असं कोन करतं आजकाल?" दुसरा म्हणाला, "मिस्त्री सांगायचेच, फार्मवरचे साहेब मनानं मोठे हायत म्हनून." त्यांनी मला चहा पाजला. एकानं पंप उचलून कौतुकानं फिरवून बघितला आणि आठवण म्हणून जपा म्हणाला. मिस्त्री, तुम्ही काम किती पक्कं करायचात. दहा वर्षांनी खरं सांगायला आलो तर तुमच्या खोट्याचा एक आटासुद्धा सैल होईना.

मग घरी गेलो. वहिनी ओट्यावर तूर निवडत होत्या. मी उभ्या-उभ्या सगळं परत सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "माझ्या बोटाचं कुकू होतं त्या वालावर. त्यांनी घरी येऊन त्याच दिवशी सांगितलं मला. मी म्हन्लं, मंग तुमी बोला की साहेबाला. तर म्हन्ले, साहेब आपून व्हऊन सांगतील, शिकलेला मानूस हाय."

त्यांनी पोत्याकडं हनुवटीनं खूण केली.

"ठिवा तिथं कोपऱ्यात."

मी पोतं कोपऱ्यात, तुमच्या पान्यांच्या पेटीशेजारी ठेवलं. वहिनी सूप उचलून आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मला बसा म्हणाल्या नाहीत. पाणीसुद्धा विचारलं नाही. तुमच्या अख्ख्या गावात तेवढ्या एका माणसानं मला बरोबर वागणूक दिली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी ओट्याच्या पायरीवर तसाच थोडा वेळ उभा राहिलो.

आता एकच राहिलं, ते वहिनींनाही सांगितलं नाही. शेडच्या दारात तुम्ही विचारलंत, दोन्ही वाल बंद केले का बराबर, तेव्हा डावा बंद केल्याचं मला आठवत नव्हतं. ही नुसती चूक नव्हती. मला आठवत नाही हे मला त्याच क्षणी स्पष्ट कळलं होतं. दोन पावलांवर गाडी होती, खिशात पाना होता, आणि मी 'केले' म्हणालो.